खाट कुणाच्या हक्काची?

जून-जुलैत पुण्यातल्या पेठांतून हिंडले, की विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांवर आणि अभ्यासिकांच्या जिन्यांत चिकटवलेले कागद दिसतात. ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा’, ‘फक्त मुलींसाठी, मेससह’, ‘शाकाहारी विद्यार्थ्यांस प्राधान्य’. त्याच दिवसांत महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठाच्या वसतिगृहांचे अर्ज सुटतात. बीड, नंदुरबार, सोलापूर, यवतमाळहून आलेल्या पालकांपुढे एकच प्रश्न असतो : वसतिगृहाच्या यादीची वाट पाहायची, की बाहेर खोली घेऊन मोकळे व्हायचे?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत वहीच्या पाठकोऱ्या कागदावर निघते. एका बाजूला वसतिगृहाचे वार्षिक शुल्क, दुसऱ्या बाजूला खासगी जागेचे मासिक भाडे. त्याखाली पाणी, मेस, वाय-फाय, कॉलेजपासूनचे अंतर. हिशेब चुकीचा नसतो, पण त्यात एक रकाना राहून जातो. ही खाट मला कोणत्या आधारावर मिळाली, आणि ती माझ्याकडून कोण, कशासाठी, किती दिवसांत काढून घेऊ शकतो, हा तो रकाना. गेली काही वर्षे मी वसतिगृहांच्या नियमपुस्तिका, प्रवेशाचे फॉर्म, खासगी जागांचे करार आणि जाहिरातींचे कागद जमवत आले आहे. ते वाचताना माझे मत असे बनत गेले, की विद्यापीठाचे वसतिगृह आणि खासगी खाट यांच्यातला खरा फरक भाड्यापेक्षा या राहून गेलेल्या रकान्यात आहे. महाराष्ट्रात तर या रकान्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

वार, माधुकरी आणि बोर्डिंग

शिकायला शहरात आलेल्या मुलाने राहायचे कुठे, याचे जुने उत्तर खासगीच होते. ओळखीच्या घरी ओसरीवर पथारी आणि जेवणासाठी ‘वार’ : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्याला सात वार मिळत नसत, तो माधुकरी मागे. या व्यवस्थेने पुण्यात कितीतरी गरीब मुलांना शिकवले, हे खरेच आहे. पण ती प्रामुख्याने ब्राह्मण मुलांची व्यवस्था होती. वार लावून जेवायला आधी त्या घराच्या स्वयंपाकघराजवळ पोहोचता यावे लागते. ज्याची सावली ओसरीलाही चालत नव्हती, त्याच्यासाठी पुण्यात शाळा असली तरी रात्र काढायला जागा नव्हती. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेव्हा निदान काही मुलांची दारोदारची वणवण थांबली. बाकीच्यांचा प्रश्न तसाच होता.

स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) आणि अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) यांचे स्वरूप निवासी होते. विधवा मुलीला शिकवायचे तर आधी तिला राहायला जागा हवी होती. ज्या घरात ती होती, त्या घरात राहून ती शिकू शकत नव्हती. वर्गाच्या आधी छप्पर, असा तो क्रम होता.

हा क्रम धोरणाच्या पातळीवर सर्वांत लख्ख ओळखला तो राजर्षी शाहू महाराजांनी. १८९६ च्या सुमारास कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाला जोडून एक वसतिगृह निघाले होते. ते सर्वांना खुले असूनही तिथे प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा झाला, असे शाहूंचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी वसतिगृहांची रांगच कोल्हापुरात उभी राहिली. यातल्या तारखांकडे नीट पाहावे. पन्नास टक्के नोकऱ्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा शाहूंचा प्रसिद्ध हुकूम २६ जुलै १९०२ चा आहे. पहिले बोर्डिंग एप्रिल १९०१ चे. म्हणजे नोकरीतल्या जागेच्या आधी वसतिगृहातली जागा आली. राखीव खुर्चीवर बसणारा माणूस तयार व्हायचा तर त्याला आधी शहरात झोपायला जागा हवी, हे त्यामागचे साधे गणित.

ही बोर्डिंगे जातवार होती. त्या काळी त्यावाचून मुले आलीही नसती. जातींच्या भिंती आतून पाडण्याचे काम पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी केले. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिगत रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत शिकलेल्या पिढ्यांना पाठ आहे. ती त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती हिशेबाची कथाही वाटते. वसतिगृह तोट्यातच चालते. तो तोटा कुणीतरी भरून काढत असतो.

तीन हकालपट्ट्या

जागा कशी मिळते यावरून व्यवस्था जितकी कळते, त्याहून जास्त ती जागा कशी जाते यावरून कळते. आपल्या इतिहासातल्या तीन प्रसिद्ध हकालपट्ट्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली १९०५ ची. विनायक दामोदर सावरकर तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत होते. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर टीका केली.

दुसरी १९०८ ची. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात विद्यार्थी होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करून आत यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांची बोर्डिंगातली जागा गेली. पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात जी एक पंगत बसली, तिचे मूळ या नकारात शोधता येते.

तिसरी १९१७ ची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा विद्यार्थी नव्हते. न्यूयॉर्क-लंडनहून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले होते. हिंदूंच्या खानावळीत जागा मिळणार नाही म्हणून एका पारशी उतारगृहात ते पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. त्यांना त्याच दिवशी बाहेर पडावे लागले, आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी बडोद्याच्या एका बागेत काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनीच हे लिहून ठेवले आहे.

पहिल्या दोन प्रसंगांत शिक्षा अन्यायाची असेल, पण ती काही केल्याबद्दल होती. होळी केली, आंघोळ नाकारली. ती देणारा माणूस ठाऊक होता, त्याच्या निर्णयावर वर्तमानपत्रात टीका करता येत होती, नियम बदला असे म्हणता येत होते. बडोद्यात आंबेडकरांनी काहीच केले नव्हते. ते जे होते, त्यासाठी त्यांना काढले. कोणत्या नियमाने, हे विचारायला तिथे नियमच नव्हता आणि दाद मागायला जागाही नव्हती. उतारगृह खासगी होते. कुणाला ठेवायचे ही चालकाची आणि त्याच्यावर दडपण आणणाऱ्या शेजाऱ्यांची मर्जी.

या प्रसंगाला एक आगळी पूर्वपीठिका आहे. चार वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेव्हा आरंभीच्या दोन मुक्कामांनंतर ते विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात स्थिरावले. तिथले त्यांचे सोबती होते नवल भथेना. पारशी. हे भथेना पुढे आयुष्यभराचे मित्र झाले, अडचणीत पैसे पाठवणारे. म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात ज्या समाजाचा माणूस जिवाभावाचा झाला, त्याच समाजाच्या खासगी उतारगृहातून चार वर्षांनी त्यांना बाहेर पडावे लागले. माणसे वाईट किंवा चांगली, एवढ्यावर हे संपत नाही. एकीकडे शेजारी कोण असावा हे शेजाऱ्याला ठरवता येत नव्हते, दुसरीकडे येत होते. आपण न निवडलेल्या माणसाबरोबर राहायला लावणे ही वसतिगृहाची सर्वांत मोठी गैरसोय आहे. त्याचा सर्वांत मोठा फायदाही तोच.

आजची खासगी खाट

आता आजच्या बाजाराकडे येऊ. ‘कॉट बेसिस’ हा पुण्याचा खास शब्द. खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली एक खाट मिळते. दहा बाय बाराच्या खोलीत तीन किंवा चार खाटा, एक कपाट, सामायिक न्हाणीघर. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतल्या जुन्या घरांत स्पर्धा परीक्षांची मुले अशी राहतात. त्यांच्यापुढे निवड नसतेच, हे इथे नोंदवायला हवे : परीक्षेची तयारी करणारा मुलगा कोणत्याच विद्यापीठाचा विद्यार्थी नसतो, म्हणून कोणत्याच वसतिगृहात त्याचे नाव लागत नाही. कोथरूड, कर्वेनगर, विमाननगरकडे ‘पीजी’ आहेत. अलीकडे कंपन्या आल्या आहेत. त्या अख्खी इमारत मालकाकडून भाड्याने घेतात, रंगरंगोटी, वाय-फाय, जेवण, लाँड्री अशी सेवा जोडतात आणि खाटा विद्यार्थ्यांना देतात.

या खाटेचे फायदे उघड आहेत. ती लगेच मिळते, कोणत्याही महिन्यात मिळते. गुणवत्ता यादी नाही. परीक्षा संपल्याबरोबर खोली रिकामी करा, असे कुणी म्हणत नाही. नोकरी करत शिकणाऱ्याला रात्री उशिरा येता येते. पटले नाही तर बदलता येते, निदान तत्त्वतः.

पण भिंतीवरच्या कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यांत अंतर असते. एक काल्पनिक, पण करारांत नेहमी आढळणाऱ्या अटींवर बेतलेला हिशेब मांडते. समजा, भाडे महिना ७,००० रुपये, मेस वेगळी ३,५००, करार ११ महिन्यांचा आणि मधे सोडल्यास उरलेले भाडे द्यायचे अशी अट. अनामत दोन महिन्यांची, त्यातली एका महिन्याची रक्कम ‘रंगकाम व देखभाल’ म्हणून परत न मिळणारी. विद्यार्थी प्रत्यक्षात राहतो १० महिने. भाडे ७७,०००, मेस ३५,०००, कापलेली अनामत ७,०००, एकूण १,१९,०००. म्हणजे राहिलेल्या प्रत्येक महिन्याला ११,९००. मेस वजा केली तरी ७,००० ची खाट ८,४०० ची झाली.

पैशांपेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न कराराचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. विद्यार्थ्याच्या बाजूने इतके ठाम कलम फार थोड्या ठिकाणी असेल. पण माझ्याकडच्या कागदांत नोंदणीकृत करार अगदी कमी आहेत. बहुतेक ‘प्रवेश फॉर्म’ आहेत : वर फोटो, खाली नियम, शेवटी विद्यार्थ्याची आणि पालकाची सही. मालकाची सही नाही. एका फॉर्मवर तर ‘कोणतेही कारण न देता प्रवेश रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील’ असे वाक्य आहे. चालकांचे म्हणणे असे, की आम्ही जागा भाड्याने देत नाही, सेवा देतो.

हेच चालक करखात्यासमोर मात्र उलट बोलतात, ही यातली गंमत. निवासासाठी दिलेल्या घराच्या भाड्याला वस्तू व सेवा करातून सूट असते. म्हणून पीजी आणि वसतिगृहचालकांनी आमची जागा ‘निवासी घर’ आहे, असा दावा केला. २०२३ मध्ये बेंगळुरूच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने तो फेटाळला आणि १२ टक्के कर लागेल असे म्हटले. शेवटी जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५३ व्या बैठकीत तोडगा निघाला : माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला सूट. विद्यार्थ्यांच्या खिशावरचा भार टळला, हे चांगलेच झाले. पण करापुरते ‘घर’ आणि हक्कापुरती ‘सेवा’, असा हा दुहेरी चेहरा लक्षात ठेवावा. घर म्हटले की राहणाऱ्याला काही अधिकार येतात. सेवा म्हटली की ती बंद करता येते.

आणि बडोद्याचा प्रश्न आहेच. जाहिरातीतला ‘शाकाहारी’ हा शब्द पुष्कळदा आहारापुरता नसतो. फोनवर आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, मग ‘तसे काही नाही, पण सोसायटीचे लोक…’ असे एक अपुरे वाक्य येते. मुस्लिम, दलित, ईशान्य भारतातले विद्यार्थी हे अपुरे वाक्य ओळखतात. नकार लेखी नसतो, म्हणून त्याविरुद्ध तक्रारही लेखी होत नाही.

यादीतले नाव

विद्यापीठाच्या किंवा शासकीय वसतिगृहात नाव यादीत लागते. यादीला निकष असतात : गुण, अंतर, आरक्षण, उत्पन्न. यादी फलकावर लागते, आपल्या वरचा कोण आणि खालचा कोण हे दिसते, चुकले असेल तर भांडता येते. आडनाव विचारून दार लावून घेण्याची मुभा रेक्टरला नाही. राखीव खाट ही मर्जी नसून हक्क आहे, आणि खासगी बाजारात तिला पर्याय नाही.

पण यादी मुळात तोकडी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ चे, गणेशखिंडीचा परिसर चारशे एकरांहून मोठा, तरी मागणीला पुरतील इतक्या खाटा तिथे कधीच नव्हत्या. या टंचाईतून विद्यापीठाच्या वसतिगृहांत एक शब्द रुजला : ‘पॅरासाइट’. ज्याला खोली मिळाली त्याच्याकडे अनधिकृतपणे राहणारा, दोन खाटांमध्ये गादी टाकणारा मित्र. शब्द हेटाळणीचा, पण व्यवहार बहुधा मैत्रीचा. गावाकडच्या कितीतरी मुलांनी पहिली काही सत्रे अशी काढली आहेत. प्रशासन अधूनमधून तपासणी करते, दंड लावते. खाटा मात्र वाढत नाहीत.

दुसरा दोष शिस्तीचा. विशेषतः मुलींच्या वसतिगृहांच्या नियमपुस्तिका मी वाचते तेव्हा पानोपानी वेळ असते : संध्याकाळी किती वाजता आत, कुणाच्या लेखी परवानगीने बाहेर, भेटायला कोण येऊ शकतो. मुलांच्या पुस्तिकेत हीच पाने बरीच पातळ असतात. २०१५ मध्ये दिल्लीत ‘पिंजरा तोड’ आंदोलन उभे राहिले ते यावरच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत तर स्पष्ट म्हटले आहे, की सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांत मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. बहुसंख्य पालकांना हा नियम माहीत नाही. कित्येकांना तो नकोही आहे, कारण ‘सातच्या आत’ हेच त्यांच्या लेखी वसतिगृह निवडण्याचे कारण असते.

पण दारावरचे कुलूप म्हणजे सुरक्षितता नव्हे. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीची अत्याचार करून हत्या झाली. संशय तिथल्याच पहारेकऱ्यावर होता. २०१९ मध्ये मुंबईतच डॉ. पायल तडवी यांनी वसतिगृहाच्या खोलीत जीव दिला आणि जातीवरून छळाचे आरोप न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या कोरमंगलात एका खासगी पीजीत शिरून तरुणीचा खून झाला. सरकारी की खासगी, यावरून सुरक्षिततेची हमी ठरत नाही. फरक पडतो तो घटनेनंतर. संस्थेच्या वसतिगृहात जबाबदार अधिकारी असतो, रॅगिंगविरोधी समिती, अंतर्गत तक्रार समिती असते. ती निजलेली असली तरी तिला जागे करता येते. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा शिक्षणसंस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे लागू आहे. खासगी खाटेवर छळ सोसणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो वापरता येतो, पण तक्रार घेऊन जायचे कुणाकडे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

पैसे मिळाले, दार?

खाटा अपुऱ्या पडल्यावर राज्य सरकारने वेगळी वाट काढली. २०१६-१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याच्या खात्यात थेट पैसे : पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. त्यांतले भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, पुढे इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, याच धर्तीवर आल्या.

योजनेने पुष्कळांचे शिक्षण वाचवले आहे, तिचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. पण वरचा हिशेब शेजारी ठेवा. दहा महिन्यांचा खर्च १,१९,०००, मदत ६०,०००, निम्म्याच्या आसपास. निवासाचे २०,००० म्हणजे दहा महिन्यांना महिना २,०००, आणि खाट ८,४०० ची. शिवाय हप्ते उशिरा येतात ही विद्यार्थ्यांची कायमची तक्रार, आणि घरमालक हप्त्याची वाट पाहत नाही.

आकड्यांपलीकडची गोष्ट अधिक गंभीर आहे. शाहूंनी मुलाला बोर्डिंगाचे दार दिले होते. आपण आज त्याला पैसे देतो आणि म्हणतो, दार तू शोध. ते दार कुणाच्या मर्जीवर उघडते हे बडोद्याने सांगितलेच आहे. ज्या नावाने ही योजना आहे, त्या माणसाला खिशात पैसे असूनही उतारगृह सोडावे लागले होते, हे आपण विसरू नये.

खासगी, पण नियमाची

म्हणजे खासगी जागा वाईटच, असा निष्कर्ष मी काढत नाही. आंबेडकरही लंडनमध्ये खासगी खोलीतच राहिले. १० किंग हेन्री रोडवरचे ते घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. आज मराठी मुले लंडन, लीड्स, मँचेस्टरला जातात तेव्हा त्यांच्यापुढेही विद्यापीठाचा हॉल की खासगी कंपनीची विद्यार्थी-इमारत, हा प्रश्न असतोच. तिथे विद्यापीठांच्या हॉलसाठी जशा आचारसंहिता आहेत, तशा मोठ्या खासगी विद्यार्थी-इमारतींसाठीही आहेत, आणि त्यांत तक्रारीची ठरलेली वाट आहे. घर भाड्याने घेणाऱ्याची अनामत साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. बांधकाम खासगी असो, नियम सार्वजनिक असू शकतो.

आपल्याकडेही तिसरी वाट आहे. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती विद्यापीठाची नाही आणि धंदाही करत नाही. ग्रामीण भागातली, बेताच्या परिस्थितीतली मुले-मुली तिथे राहतात, कामाचा वाटा उचलतात. अशी ट्रस्टची आणि समाजांची वसतिगृहे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पालकांच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांचे नाव क्वचितच असते, कारण ती खांबावर जाहिरात चिकटवत नाहीत.

राहून गेलेला रकाना

निवड करताना काय पाहावे, ते आता थोडक्यात मांडते. विद्यापीठाच्या, शासकीय आणि ट्रस्टच्या वसतिगृहांचे अर्ज आधी भरावेत, यादीची खात्री नसली तरी. खासगी खाट नंतरही मिळते, यादीतली जागा मुदत गेल्यावर मिळत नाही. पहिल्या वर्षी, विशेषतः घरातून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलाने किंवा मुलीने, वसतिगृह मिळत असेल तर सहसा सोडू नये. तिथली मेस वाईट असेल, पण न निवडलेले शेजारी, वरच्या वर्गातल्या मुलांच्या जुन्या वह्या, शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे मिळतो ही माहिती, हे सगळे त्याच खोलीत मिळते. नोकरी करत शिकणाऱ्याने, संशोधनाच्या शेवटच्या टप्प्यावर असलेल्याने किंवा ज्याला वसतिगृहातच त्रास आहे त्याने खासगी जागा घ्यावी. घेताना पाच गोष्टी विचाराव्यात : करार नोंदणीकृत आहे का, त्यावर मालकाची सही आहे का, सोडताना अनामत कधी आणि किती परत, काढायचे झाल्यास किती दिवसांची लेखी सूचना, आणि तक्रार कुणाकडे. अनामतीची पावती घ्यावी, खोलीत शिरतानाच भिंती, पंखा, गादीचे फोटो काढून ठेवावेत. उत्तर देताना समोरचा चिडला, तर ते उत्तरच समजावे.

हे झाले एकेका घरापुरते. समाज म्हणून आपल्यापुढचे काम मोठे आहे. खासगी विद्यार्थी-निवासांची नोंदणी, माणशी किमान जागा, छापील नियम, नकाराचे लेखी कारण आणि तक्रारीसाठी एक ठरलेले कार्यालय, एवढे जरी प्रत्येक महापालिकेने केले, तरी खाटेचा आधार मर्जीकडून नियमाकडे थोडा सरकेल. आणि वसतिगृहे बांधावी लागतील. खात्यात पैसे जमा करणे हे त्याला पूरक आहे, पर्याय नाही.

१९०१ साली कोल्हापूर संस्थानच्या मर्यादित तिजोरीतून जे सुचले आणि जमले, ते आजच्या महाराष्ट्राला परवडत नाही, असे म्हणणे अवघड आहे. प्रवेशपरीक्षा, आरक्षण, शुल्कमाफी यांवर आपण वर्षभर बोलतो. पण या सगळ्यांचा लाभ घ्यायला निघालेल्या मुलीला पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा लागते, आणि ती जागा कुणाच्या मेहेरबानीवर असली की पुढचा प्रत्येक हक्क तितकाच कच्चा राहतो.